जुने एमएमए चॅम्पियन आजच्या फायटर्ससमोर टिकतील का?

सूरसागर

आमच्या जिमच्या ग्रुपवर या विषयावरून इतकी हाणामारी झाली की शेवटी अ‍ॅडमिनने ग्रुपलाच कुलूप लावलं. म्हणून इथे धागा काढतोय.

रॉयस ग्रेसी, मार्क कोलमन, साकुराबा, फेडोर, चक लिडेल, अँडरसन सिल्व्हा. ही मंडळी ऐन भरात असतानाची उचलून आजच्या एमएमएच्या (कुस्ती, ठोसे, लाथा सगळं चालणाऱ्या मिश्र लढतींच्या) पिंजऱ्यात आणून सोडली, तर काय होईल? म्हातारपणीचे नाही, ऐन भरातले. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कुणीतरी लिडेलची २०१८ ची लढत घेऊन येईल.

माझं मत: बहुतेकांचं काही खरं नाही. १२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरला पहिली यूएफसी (एमएमएची सगळ्यात मोठी स्पर्धा) झाली तेव्हा वजनगट नव्हते, वेळेची मर्यादा नव्हती, गुण देणारे पंचही नव्हते. ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हरवलं. त्यातला पहिला, आर्ट जिमरसन नावाचा बॉक्सर, एकाच हातात ग्लोव्ह घालून आला होता! पाठीवर पडल्यावर काय करायचं हे समोरच्यांना ठाऊकच नव्हतं. आज चार महिने मॅटवर आलेलं पोरगंसुद्धा मागून गळ्यात हात आला की आधी हनुवटी छातीला लावतं.

पुरावा हवा तर २७ मे २००६ ची लढत बघा. समोर तेव्हाचा वेल्टरवेट (७७ किलो गट) चॅम्पियन मॅट ह्यूज. ग्रेसीला त्याने खाली पाडलं, हात पिरगाळला, मग पाठीवर बसून ठोसे. पहिल्याच राउंडमध्ये खेळ खलास. जो डाव जगाला शिकवला, त्याच डावाच्या पुढच्या पिढीने गुरूला चीत केलं.

बोला. तालमीतल्या काकांनी जरा दमानं घ्यावं 😀

खंडेराव_मार्केट

पहिला नंबर! सेव उसळ घेऊन बसलोय. तरी वधारे.

वस्ताद_जुना

दमानंच घेतो. पण ह्यूजसमोर उभा होता तेव्हा ग्रेसी ३९ वर्षांचा होता. "ऐन भरातले" ही अट तुमचीच ना? मग स्वतःच्याच पुराव्याला ती का लावत नाही?

आता माझं म्हणणं. तुम्ही पोरं व्हिडिओ बघून पैलवान मोजता. जोर-बैठका काढून, हौद्यात माती उकरून बनलेलं शरीर वेगळं असतं. आमच्या बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, प्रोफेसर माणिकरावांचं नाव आहे. कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये गामाचा दगड ठेवलाय, १२०० किलोचा. २३ डिसेंबर १९०२ ला गामाने तो इथे बडोद्यात उचलला. तेव्हा तो जेमतेम पंचविशीत. असा माणूस तुमच्या पिंजऱ्यात सोडला तर दार आतून कोण उघडणार?

आकडेमोड

काका, दगडाला नमस्कार. पण दगड पट काढत नाही (पाय धरून पाडत नाही), गळाही धरत नाही.

गामाच्या घराण्याचंच उदाहरण देतो. त्याचा पुतण्या अक्रम पैलवान १९७६ च्या डिसेंबरात कराचीला जपानी पैलवान अंतोनियो इनोकीसमोर उतरला. घराणं मोठं, अंगात ताकद मोप. इनोकीने खांद्याचा पेच लावला, अक्रम शरण जाईना, शेवटी हात निकामी झाल्यावर लढत थांबवली. अक्रम कमी पैलवान होता असं कुणी म्हणणार नाही. तो पेच त्याच्या कुस्तीत नव्हता, एवढंच.

वस्ताद_जुना

इनोकीने त्या लढतीत डोळ्यात बोटं घातली असं आमच्याकडे सांगतात.

आकडेमोड

हरलेल्या बाजूकडे नेहमीच काहीतरी सांगतात, काका.

मांजलपूर_मॅट

ताकदीचा विषय निघालाच आहे तर आमच्या मॅटवर काय होतं ते सांगतो.

तालमीतून आलेली पोरं आमच्याकडे येतात तेव्हा पहिले काही आठवडे आमची धुलाई करतात. दुहेरी पट काढला की माणूस हवेत. पण पट काढताना त्यांची मान कुठे असते ते बघा. डोकं समोरच्याच्या बरगडीला बाहेरून टेकलेलं, मान लांब आणि मोकळी. मातीत ते चालतं, कारण तिथे गळा आवळायला बंदी. आमच्याकडे तोच पट निघतो, पण ज्याला पाडलं तो पडता पडता गळ्याभोवती हात घालून स्वतःचं मनगट पकडतो, पाय कमरेला गुंडाळतो. खाली पाडणारा जिंकल्यासारखा वर असतो आणि तीन-चार श्वासांत मॅटवर थाप मारून शरण येतो. उठल्यावर त्याच्या चेहऱ्यावर राग नसतो, गोंधळ असतो. "मी तर चीत केलं होतं!"

आता हा गोंधळ कोलमनच्या पिढीच्या पैलवानांना लावून बघा. कोलमन १९९७ मध्ये यूएफसीचा पहिला हेवीवेट चॅम्पियन. पाडायचं आणि वरून ठोकायचं, हा त्याचा खाक्या. आज खाली पाडलेला माणूस खाली राहतच नाही. पिंजऱ्याच्या जाळीला पाठ लावून, एक हात टेकून, सरकत सरकत उभा राहतो. आमच्या सरांनी तर निव्वळ जाळीला टेकून उठण्याचा वेगळा तास ठेवलाय. १९९७ मध्ये असला तास कुणी घेत नसे.

कोल्हापूरहून_मकरपुरा

नमस्कार मंडळी, कोल्हापूरचा आहे, मकरपुऱ्यात नोकरी करतो, इथे पहिल्यांदाच लिहितोय.

मॅटभाऊ म्हणतात ते खरं, पण अर्धंच. खाशाबा जाधव घ्या. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा गादीची कुस्ती त्यांना नवीन होती. मातीतला पैलवान. तरी सहावे आले. मग चार वर्षं गादीच्या नियमांचा सराव आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या चार वर्षांत खाशाबांना नवीन हात-पाय फुटले नव्हते. पैलवान तोच, फक्त गादी ओळखीची झाली.

तेव्हा धागाकर्त्याने आधी हे सांगावं की जुना चॅम्पियन आज उचलून उद्या पिंजऱ्यात टाकायचा की त्याला दोन वर्षं आजच्या जिममध्ये घालवू द्यायची? पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर "नाही", दुसऱ्याला "बरेच जण टिकतील".

सूरसागर

उद्याच टाकायचा. दोन वर्षं दिली तर तो जुना कुठे राहिला?

कोल्हापूरहून_मकरपुरा

मग मालक, तुम्ही माणसाची परीक्षा घेत नाही, सालाची घेताय.

खंडेराव_मार्केट

आ लो! कोल्हापूरकर पहिल्याच दिवशी चितपट करून गेले.

केतकी_रा

सगळे पुरुषांबद्दलच बोलताय म्हणून आले. साल किती पटकन बदलतं ते बघायला महिलांचा गट बघा.

यूएफसीत बायकांची पहिली लढत फेब्रुवारी २०१३ मध्ये झाली, रोंडा राउझी जिंकली. ज्युदोत ऑलिंपिक ब्राँझ, समोरची धरली की फेकायची, हात ताणायचा, संपलं. काही लढती एका मिनिटाच्या आत. तेव्हा लोक म्हणत होते की हिला कोणी हरवूच शकत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्नला हॉली होम आली. बॉक्सर. तिने फार काही वेगळं केलं नाही. अंतर ठेवलं, धरायला दिलं नाही, राउझी पुढे धावली की बाजूला सरकून डावा ठोसा. दुसऱ्या राउंडमध्ये लाथ. पुढच्या वर्षी डिसेंबरात अमांडा नुनेसने ४८ सेकंदांत संपवलं.

म्हणजे २०१३ ची अजिंक्य बाई २०१६ मध्येच जुनी झाली होती. तुम्ही १९९३ चं काय घेऊन बसलात?

वस्ताद_जुना

केतकीताई, राउझीचा ज्युदो जुना झाला नाही. तिची ठोसे खायची सवय नव्हती, ती उघडी पडली.

केतकी_रा

काका, तेच तर मी म्हणतेय. एका अंगावर चॅम्पियन होण्याचे दिवस संपले. आता पूजा तोमर घ्या, २०२४ च्या जूनमध्ये यूएफसीत जिंकलेली पहिली भारतीय. उत्तर प्रदेशची, मूळची वुशू या चिनी युद्धकलेतली, लाथा जबरदस्त. पण आज खाली पाडलं तर तिथूनही निभावून न्यावंच लागतं. २०१३ मध्ये असती तर नुसत्या लाथांवर बेल्टपर्यंत गेली असती की काय कोण जाणे.

हाडवैद्य_नव्हे_ऑर्थो

नाव वाचून मला मुरगळलेला पाय दाखवू नका, इथे फुकट सल्ला मिळत नाही.

केतकीताईंच्या मुद्द्यात वैद्यकीय भर घालतो. जुन्या लाथा मांडीवर बसायच्या. मांडीत मांस असतं, माणूस दोन-तीन राउंड सहन करतो. गेल्या काही वर्षांत पोटरीवरची लाथ आली. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला, जिथे नडगीशेजारचं लांब बारीक हाड असतं. त्या हाडाच्या डोक्याला वळसा घालून एक नस जाते, कातडीच्या अगदी जवळून. ती नस पाऊल वर उचलते. तिच्यावर नीट बसलेल्या तीन-चार लाथा पुरतात. मग पाऊल लोंबकळतं, माणूस पाय टाकतो आणि घोटा वळतो. दुखणं सहन करता येतं हो, पण पायाला हुकूमच पोहोचत नसेल तर हिंमत काय करणार?

जानेवारी २०२१ ची पॉइरिए विरुद्ध मॅकग्रेगर लढत बघा. मॅकग्रेगर पुढच्या पायावर भार टाकून रुंद उभा राहतो, २०१५-१६ मध्ये त्याच ठेवणीवर त्याने दोन वजनगट जिंकले. २०२१ मध्ये तोच पुढचा पाय लाथांनी निकामी झाला आणि दुसऱ्या राउंडमध्ये तो पडला. सिल्व्हा, लिडेल, सगळ्यांच्या उभं राहण्यात ही फट आहे. कुणी तिथे मारतच नव्हतं, त्यामुळे झाकायची गरज नव्हती.

आकडेमोड

डॉक्टरसाहेबांची पोस्ट आतापर्यंतची सर्वात उपयोगी. बाकी सगळे जोशात आहेत.

खंडेराव_मार्केट

विषयांतर करतो, माफी नाही मागत. या धाग्यावर सगळे डेन्व्हर-डेन्व्हर करताय. अरे, बिननियमांची खरी जागा हीच! खंडेराव महाराजांच्या काळात, १८६० च्या दशकात, बडोद्यात नखांची कुस्ती व्हायची. रुसले नावाच्या फ्रेंच प्रवाशाने इथे बघून लिहून ठेवलंय. मुठीत शिंगाची नखं बांधून पैलवान एकमेकांना ओरबाडायचे, रक्ताने न्हायचे. वज्रमुष्टीची घराणी, जेठी मल्ल, सगळे इथले. ग्रेसीला तिथे आणा, मग बघू.

मांजलपूर_मॅट

तिथे तुमचा आजचा चॅम्पियनसुद्धा अर्ध्या मिनिटात राजीनामा देईल, खंडेरावभाऊ.

खंडेराव_मार्केट

एज तो कहूं छूं! उलट का विचारत नाही कुणी? आजचे पठ्ठे तेव्हाच्या नियमांत टिकतील का?

सूरसागर

हा प्रश्न मात्र खरंच चांगला आहे. त्याच्यासाठी जपानी फायटर साकुराबा.

१ मे २०००, टोकियो डोम, प्राइड या जपानी एमएमए संघटनेची स्पर्धा. ग्रेसी घराण्याच्या अटीमुळे रॉयसविरुद्धच्या लढतीला वेळेची मर्यादा नव्हती. १५-१५ मिनिटांचे सहा राउंड झाले, दीड तास! रॉयसच्या मांड्या लाथा खाऊन इतक्या सुजल्या की त्याच्या भावाने टॉवेल टाकला. आणि साकुराबा? त्याच रात्री तो त्याच्यापेक्षा कितीतरी वजनदार इगोर वोवचांचिनसमोर परत उतरला आणि अजून १५ मिनिटं लढला. मग त्याच्या कोपऱ्याने थांबवलं.

आजचा फायटर २५ मिनिटांसाठी बनवलेला असतो. आदल्या दिवशी वजन उतरवायचं, रात्रभर पाणी भरायचं, पाच राउंड जोरात लढायचं. त्याला ९० मिनिटं सांगितली तर तिसाव्या मिनिटाला ऊर धपापायला लागेल. शिवाय प्राइडमध्ये पडलेल्या माणसाच्या डोक्यावर लाथ चालायची. आज जाळीला टेकून हात जमिनीला लावून उठणारे जे मॅटभाऊंनी सांगितले, त्यांचं डोकं त्या क्षणी नेमकं गुडघ्याच्या उंचीवर असतं. प्राइडमध्ये तिथेच वाँडरलेई सिल्व्हाची लाथ आली असती.

वस्ताद_जुना

हे मान्य. शेवटी नियमच पैलवान घडवतात. आता माझ्या फेडोरकडे या, प्राइडच्या हेवीवेट चॅम्पियनकडे.

आकडेमोड

फेडोरच्या आधी एक माणूस बघा, त्याच्यासाठी टाइम मशीन लागत नाही. आंद्रे अर्लोव्हस्की. २००५ चा यूएफसी हेवीवेट चॅम्पियन. फेडोरने त्याला जानेवारी २००९ मध्ये हवेतच झोपवलं. लोकांनी तेव्हा त्याला मोडीत काढला. तो परत आला आणि २०२४ पर्यंत, पंचेचाळिशीत, यूएफसीत लढत राहिला. मध्ये २०२१-२२ ला सलग चार लढती जिंकला. समोरचे पहिल्या फळीतले नव्हते हे खरं. पण १५ वर्षांनी आजचे होते ना? फेडोरने ज्याला पाडलं तो माणूस, तोही उतरत्या वयात, आजच्यांशी बरोबरी करत होता.

असं ५७ किलो गटात करून दाखवा. दहा वर्षांपूर्वीचा बारक्या गटातला चॅम्पियन आज पंचेचाळिशीत कुठे दिसतो? तिथे वेग हेच भांडवल आणि ते सगळ्यात आधी जातं. जगात १०५ किलोचे, चपळ, पोटात हवा असलेले आणि तरी फुटबॉल किंवा बास्केटबॉलकडे न गेलेले लोक किती? थोडेच. म्हणून वरच्या गटात जुना माणूस टिकतो.

मांजलपूर_मॅट

पण उंचीचं काय? फेडोर सहा फूट, १०५ किलो. आजचा हेवीवेट टॉम अ‍ॅस्पिनल सहा फूट पाच इंच आणि तरी हलक्या गटातल्यासारखा चपळ हलतो.

आकडेमोड

डॅनियल कॉर्मिए पाच फूट अकरा इंच. २०१८ च्या जुलैत ३९ व्या वर्षी स्टिपे मिओचिचला पहिल्या राउंडमध्ये झोपवून हेवीवेटचा बेल्ट घेतला. उंची हा अडथळा असता तर कॉर्मिए झालाच नसता.

हाडवैद्य_नव्हे_ऑर्थो

आणखी एक गोष्ट कुणी काढली नाही. यूएफसीत कडक उत्तेजक तपासणी जुलै २०१५ पासून सुरू झाली. त्याआधी डॉक्टरच्या चिठ्ठीवर टेस्टोस्टेरॉन घेऊन लढणारे होते, अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने ते २०१४ मध्ये बंद केलं. प्राइडच्या काळी तर आजच्यासारखी तपासणी नव्हती. जुन्यांना आजच्या पिंजऱ्यात आणाल तेव्हा बाटलीसकट आणणार की बाटलीशिवाय? हे कुणा एकाबद्दल म्हणत नाही, पण काही जुने देह आजच्या नियमांत तसे राहणार नाहीत.

वस्ताद_जुना

आमच्या वेळी बाटली एकच, दुधाची. बरोबर बदाम आणि तूप.

खंडेराव_मार्केट

काका, ते आजच्या तपासणीत नाही, कोलेस्टेरॉलच्या तपासणीत सापडतं.

केतकी_रा

😂 डॉक्टर, याच्यावर सल्ला द्या आता.

कोल्हापूरहून_मकरपुरा

जॉर्ज सेंट पिएरचं नाव कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. २००६ मध्ये ह्यूजला हरवून चॅम्पियन. २०१३ मध्ये थांबला. चार वर्षं घरी. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला आला, वरच्या वजनगटात, मायकेल बिस्पिंगला तिसऱ्या राउंडमध्ये गळा आवळून झोपवला आणि बेल्ट घेऊन गेला. केतकीताई म्हणतात त्या एका अंगाच्या चॅम्पियनचा हा उलटा नमुना. ना तो कॉलेजात कुस्ती खेळलेला, ना बॉक्सर. कराटेतून आला आणि पैलवानांना पटाने पाडलं. नवीन दिसलं की शिकायचा. असा माणूस कुठल्याही सालात टाका, जुना होत नाही.

सूरसागर

पिएरबद्दल वाद नाही. पण तो आजचाच माणूस, जरा लवकर जन्मलेला. माझी यादी ग्रेसी-कोलमन-लिडेलची होती आणि त्या यादीवर मी ठाम आहे.

फेडोरचं म्हणाल तर वस्तादकाकांसाठी नेमकी जोडी लावतो. २००४ चा फेडोर आणि २०१६ ते १८ मधला मिओचिच, ज्याने हेवीवेटचा बेल्ट सलग तीनदा राखला. प्राइडचे नियम, रिंग, पहिला राउंड दहा मिनिटांचा: फेडोर. आजचे नियम, जाळी, पाच राउंड: मिओचिच. कारण प्राइडमध्ये डोक्यावर कोपर मारायला बंदी होती, फेडोरला जाळीला चेपून कोपरं मारणाऱ्याची सवय कमी. आणि खालून हात ओढण्याचे त्याचे डाव मिओचिचसारख्या पैलवानाला आज ओळखीचे. चौथ्या राउंडपर्यंत गेली तर गुणांवर फेडोर हरतो.

वस्ताद_जुना

चौथ्या राउंडपर्यंत गेली तर ना? टिम सिल्व्हिया सहा फूट आठ इंच, यूएफसीचा दोनदा चॅम्पियन, २००८ मध्ये फेडोरसमोर ३६ सेकंद टिकला. त्याला विचारा चौथा राउंड कसा दिसतो.